पंपाचा स्क्रू फिरवण्याआधी

(खरीप शेतकरी मेळाव्यातील भाषण)



मी पीकशास्त्राचा व्याख्याता. इंजिनाची दुरुस्ती हा काही माझा विषय नव्हे. तरीही आज पाठीवरच्या पेट्रोल पंपाच्या कार्बोरेटरवर बोलणार आहे. कपाशीवर मावा-तुडतुडे नुकसानीच्या पातळीवर गेले, पावसाने दोन दिवसांची उघडीप दिली, औषध आणले, मजूर आले आणि पंपच चालू झाला नाही, तर आमच्या सगळ्या शिफारशी कागदावर राहतात. फवारणीची वेळ हुकते आणि कीड काही आपल्यासाठी थांबत नाही.

अशा वेळी बांधावर काय होते ते तुम्हाला ठाऊक आहे. दोरी ओढून हात दुखतो, मग कोणीतरी पेचकस आणतो आणि दिसेल तो स्क्रू पिळतो. पंप बिघडण्याआधी कार्बोरेटर बहुधा ठीक जुळवलेला असतो. स्क्रू आपोआप फिरत नाही. बिघडते ते पेट्रोल, अडतो तो कचरा. म्हणून स्क्रूला हात शेवटी लावायचा.

कार्बोरेटरचे काम एवढेच की हवेत ठराविक प्रमाणात पेट्रोल मिसळून इंजिनाला द्यायचे. परंतु टू-स्ट्रोक इंजिनात वंगणाचे तेल वेगळे नसते, ते पेट्रोलबरोबरच आत जाते. पेट्रोल वाचावे म्हणून मिश्रण पातळ केले, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी, तर तेलही तेवढेच कमी पोचते आणि वर इंजिन अधिक तापते. दोन्ही बाजूंनी मार बसतो व पिस्टन सिलिंडरमध्ये जाम होतो. दोन-चार रुपयांच्या पेट्रोलसाठी पिस्टन आणि सिलिंडर बदलण्याची पाळी येते, तीही ऐन हंगामात.

तेलाचे प्रमाण पंपाच्या पुस्तिकेप्रमाणेच ठेवावे. पुष्कळ पंपांना २५ भाग पेट्रोलला १ भाग टू-टी तेल लागते, म्हणजे एका लिटरला ४० मिली. काही इंजिनांना ५०:१, म्हणजे २० मिली पुरते. ते मापाने घ्यावे, अंदाजाने टोपणभर ओतू नये. वेगळ्या डब्यात हलवून एकजीव करावे आणि गाळणीतून टाकीत ओतावे. जास्त तेलाने इंजिन जास्त टिकते हाही गैरसमजच आहे. प्लग काळा पडतो आणि सायलेन्सर काजळीने बुजतो.

आता पंप अडला तर कोणत्या क्रमाने पाहावे? प्रथम टाकीचे झाकण. त्याला हवा आत जाण्यासाठी बारीक छिद्र असते. ते मातीने बुजले तर पंप पाच-दहा मिनिटे चालून बंद पडतो आणि थोड्या वेळाने पुन्हा चालू होतो. अशा वेळी झाकण थोडे सैल करून पाहावे. पंप चालत राहिला तर दोष सापडला, मिस्त्रीकडे जायची गरज नाही. मात्र सैल झाकणाने पाठीवर घेऊन फवारू नये, छिद्र साफ करावे. नंतर हवेची गाळणी. स्पंज असेल तर साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवून बसवावा. गाळणी काढून ठेवून पंप चालवणारे पुष्कळ आहेत. आपल्याकडची धूळ पाहता यापेक्षा वाईट सवय नाही.

त्यानंतर प्लग. पंप पूर्ण रेसवर काही मिनिटे चालवून तसाच बंद करावा आणि थंड झाल्यावर प्लग काढावा. टोक कॉफीच्या रंगाचे असेल तर मिश्रण बरोबर आहे. काळे व ओले असेल तर पेट्रोल जास्त किंवा गाळणी तुंबलेली. पांढरे पडले असेल तर पेट्रोल कमी पडते आहे. तसा पंप त्या दिवशी पुढे चालवूच नये.

प्लग पांढरा असला तरी लगेच स्क्रूकडे वळू नका. बहुधा जेट अर्धवट बुजलेला असतो. पेट्रोलचा कॉक बंद करून कार्बोरेटरची खालची वाटी सोडवावी. तिच्यात फ्लोट असतो व मध्ये पितळी जेट. जेट काढून पेट्रोलने धुवावा आणि सायकलच्या पंपाने हवा मारावी. तार किंवा सुई घालू नये, छिद्र किंचित मोठे झाले तरी प्रमाण कायमचे बिघडते. जेट तोंडाने तर कधीच फुंकू नये. हा फवारणीचा पंप आहे, हाताला, नळीला, सगळीकडे औषध लागलेले असते. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्यानंतर हातमोजे आणि मास्क यांविषयी पुष्कळ बोलले गेले, या फुंकण्याच्या सवयीविषयी मात्र फारसे नाही. दुरुस्तीआधी हात साबणाने धुवावेत आणि बिडी दूर ठेवावी.

कार्बोरेटर इंजिनाला जिथे बसतो तिथले बोल्ट आणि गॅस्केटही पाहावे. तिथून हवा ओढली गेली तर रेस सोडूनही इंजिन जोरात फिरत राहते. हे मिश्रण पातळ झाल्याचे लक्षण आहे, आरामाचा स्क्रू कमी करून ते लपवू नये.

एवढे करूनही फरक नसेल तरच जुळवणी, आणि ती इंजिन चांगले तापल्यावर, चोक उघडा ठेवून. फ्लोटच्या बऱ्याच कार्बोरेटरवर बाहेर एकच स्क्रू असतो. तो फक्त आरामाचा वेग ठरवतो, मिश्रण नव्हे. मिश्रण आतल्या लांब सुईवर ठरते. तिच्यावर खाचा असून एका खाचेत बारीक क्लिप असते. क्लिप एक खाच खाली बसवली तर सुई वर उचलते व पेट्रोल वाढते, वर बसवली तर कमी होते. एका वेळी एकच खाच बदलावी आणि प्लग पुन्हा पाहावा. गवत कापण्याच्या यंत्राचा कार्बोरेटर निराळा, त्यात फ्लोटऐवजी रबरी पडदा असतो आणि एल व एच असे दोन स्क्रू असतात. तिथे एच स्क्रू कानाच्या अंदाजाने आवळू नये, ते काम माहितगार मिस्त्रीकडे द्यावे.

राहता राहिले पेट्रोल. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते ओलावा ओढून घेते. महिनोन्‌महिने पडून राहिलेल्या डब्यात पाणी व इथेनॉल खाली बसते. त्या थरात तेल नसते आणि टाकीतून इंजिनाला पहिला तोच मिळतो. म्हणून आठ-पंधरा दिवसांत संपेल एवढेच मिश्रण करावे. फवारणी संपली की टाकी रिकामी करून, कॉक उघडा ठेवून, पंप आपोआप बंद पडेपर्यंत चालवावा, म्हणजे वाटीतले पेट्रोल सुकून जेटमध्ये चिकटा धरणार नाही. दिवाळीत ठेवलेला पंप आषाढात अडतो तो याच चिकट्याने.

मेळाव्याला कोणी आपला पंप घेऊन आले असेल तर तो मागच्या शेडमध्ये ठेवा. वाटी सोडवून जेट कसा धुवायचा ते तिथे प्रत्यक्ष करून पाहू.