जहाजाची शिडी चढण्यापूर्वी

(आपल्या संस्थेच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर एप्रिल २०२२ मध्ये केलेल्या भाषणाचा मजकूर)



येत्या मे महिन्यात आपल्या कट्ट्यातली नऊ जोडपी मुंबईहून समुद्रसफरीला निघणार आहेत. गेल्या नोव्हेंबरात मी आणि सौ. अशाच सफरीला जाऊन आलो, म्हणून चिटणीसांनी आज मला उभं केलं आहे. मी डॉक्टर नाही. सारा जन्म बँकेत गेला. त्यामुळे कोणती गोळी किती घ्यायची हे मी सांगणार नाही, ते ज्याने त्याने आपल्या डॉक्टरांना विचारावं. मी फक्त तयारी सांगणार आहे आणि शेवटी एक प्रस्ताव मांडणार आहे.

घरोघरी या सफरीवरून वाद झालेत हे मला ठाऊक आहे. मुलं म्हणतात, ‘बाबा, आत्ता कशाला?’ गेल्या दोन वर्षांत आपल्या तीन विंगमधून पाच माणसं गेली. त्यांच्या खुर्च्या या सभागृहात मला आजही दिसतात. तेव्हा मुलांची भीती खोटी नाही. पण पंचाहत्तरीच्या माणसाला ‘पुढच्या वर्षी जा’ म्हणणंही तितकंसं सोपं नाही. जायचं असेल तर डोळे उघडे ठेवून जायचं, एवढाच माझा मुद्दा आहे.

आधी जहाज आणि साथ यांचं नातं समजून घेऊ. ते फार जुनं आहे. ‘क्वारंटाइन’ हा शब्दच मुळी बंदरावरचा. १३७७ साली रागुसा, म्हणजे आजचं दुब्रोव्हनिक, या बंदराने साथीच्या मुलखातून आलेल्यांना तीस दिवस बाहेर थांबवण्याचा नियम केला. पुढे तिसाचे चाळीस झाले आणि चाळिसासाठीच्या इटालियन शब्दावरून हे नाव पडलं. आपल्या मुंबईत १८९६ साली मांडवी भागात प्लेग उघड झाला, तोही हाँगकाँगकडून जहाजांबरोबर आला असावा असं मानतात.

आणि आपण सर्वांनी टीव्हीवर पाहिलेलं उदाहरण म्हणजे जपानच्या योकोहामा बंदरातलं ‘डायमंड प्रिन्सेस’. फेब्रुवारी २०२०. जहाजावर प्रवासी आणि कर्मचारी मिळून ३,७११ माणसं. हाँगकाँगला २५ जानेवारीला उतरलेला एक प्रवासी १ फेब्रुवारीला पॉझिटिव्ह निघाला. मग प्रवाशांना खोल्यांतून बंद केलं, तरी शेवटी आकडा ७१२ वर गेला. त्यात दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. पहिली, बाधितांपैकी जवळपास निम्म्या लोकांना तपासणीच्या वेळी काहीही त्रास होत नव्हता. दुसरी, प्रवासी खोलीत होते तरी कर्मचारी काम करतच होते, एकत्र जेवत होते, एका खोलीत दोघे-तिघे झोपत होते. त्या जहाजावर १३८ भारतीय होते, त्यातले १३२ कर्मचारी! ज्यांना लागण झाली ते तिथेच रुग्णालयात राहिले. बाकीच्यांपैकी ११९ जणांना एअर इंडियाच्या विमानाने २७ फेब्रुवारीला दिल्लीला आणलं. आपल्याला हसून चहा देणारा मुलगाही कुणाच्या तरी घरचा असतो, आणि आपला आजार सगळ्यात आधी त्याला भेटतो.

फार लांब कशाला जा? याच जानेवारीत मुंबईहून गोव्याला गेलेल्या जहाजावर आधी एक कर्मचारी पॉझिटिव्ह निघाला. तपासण्या झाल्यावर आकडा ६६ वर गेला, आणि जहाज मुरगाव बंदरातून मुंबईला परत आणावं लागलं.

असं का होतं? जहाज म्हणजे समुद्रावर तरंगणारी आपली सोसायटीच. लिफ्ट एक, जेवणघर एक, नाटकगृह एक. फरक इतकाच, की इथे कुणी खोकू लागलं तर आपण दार लावून घेतो किंवा गावी निघून जातो. जहाजावर पुढचं बंदर येईपर्यंत सगळे एकत्र. बँकेच्या भाषेत सांगायचं तर ते जॉइंट खातं आहे. एकाने काढलं की सगळ्यांचं कमी होतं.

आता निघण्यापूर्वीची तयारी. कागद-पेन असेल तर लिहून घ्या.

एक, लस. आपल्यापैकी बहुतेकांचे दोन डोस गेल्या वर्षी झाले. दुसऱ्या डोसाला नऊ महिने झाले असतील तर १६ मार्चपासून साठीपुढच्या सर्वांना सरकारी केंद्रावर प्रिकॉशन डोस मिळतो आहे. तो अजून घेतला नसेल तर याच आठवड्यात घ्या. लशीचा परिणाम यायला दोनेक आठवडे लागतात. निघायच्या आदल्या दिवशी टोचून घेतली तर तेवढ्यात काय होणार?

दोन, डॉक्टर. नेहमीच्या डॉक्टरांकडे महिनाभर आधी जा. साखर, रक्तदाब, ईसीजी पाहून घ्या. जहाजावर डॉक्टर असतो, छोटा दवाखाना असतो, पण ते मोठं हॉस्पिटल नव्हे. तिथे अँजिओप्लास्टी होत नाही. ज्यांना अलीकडे त्रास झालाय त्यांनी ‘मी येऊ का?’ हे डॉक्टरांना स्पष्ट विचारावं आणि उत्तर ‘नाही’ आलं तर ते ऐकावं.

तीन, औषधं. मोठी बॅग तुम्ही बॅलार्ड पिअरवर ताब्यात देता, ती खोलीत काही तासांनी येते. म्हणून सर्व औषधं खांद्याच्या पिशवीत ठेवा. लागतील त्यापेक्षा चार-पाच दिवसांची जास्त घ्या, कारण अडकलोच तर मधल्या समुद्रात केमिस्ट नाही. चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या. इन्सुलिनवाल्यांनी फ्रिजची सोय आधीच विचारावी. ऑक्सिमीटर आणि थर्मामीटर घराघरांत पडून आहेतच, तेही घ्या.

चार, विमा. बारीक अक्षरं वाचा. पॉलिसीत जहाजप्रवास धरला आहे का? जुने आजार धरले आहेत का? जहाजावरून रुग्णाला हलवावं लागलं तर खर्च कोण देणार? एजंट फोनवर ‘हो हो’ म्हणतो त्याला किंमत नाही. लेखी घ्या.

पाच, निघण्याआधीचे दहा दिवस. मे महिन्यात लग्नं भरपूर. गुढीपाडव्यापासून मास्क ऐच्छिक झाला, पण या दहा दिवसांत हॉलमध्ये जाल तिथे मास्क लावा आणि जमलं तर आहेर पाठवून घरी बसा. वधू-वरांचं काही अडणार नाही.

आता जहाजावर. मोकळ्या डेकवर वारा भरपूर असतो, तिथे मास्क काढून खुशाल फिरा. लिफ्टमध्ये, अरुंद बोळात आणि नाटकगृहात मात्र एन-९५ लावा. जेवायला गर्दी सरल्यावर जा. बुफेचा चमचा शंभर हातांतून आलेला असतो. जेवण्याआधी साबणाने हात धुवा. नुसत्या सॅनिटायझरवर राहू नका. जहाजांवर उलट्या-जुलाब पसरवणारा नोरोव्हायरस नावाचा दुसरा पाहुणा असतो, त्याला साबण-पाणीच लागतं.

समुद्र लागण्याची भीती पुष्कळांना आहे. कोकण बोटीने रत्नागिरी-देवगडला गेलेल्यांना लिंबू हुंगत बसल्याची आठवण असेल. खोली जहाजाच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यावर घेतली तर डोलणं कमी जाणवतं. मळमळू लागलं तर मोबाइल ठेवून द्या, मोकळ्या हवेत येऊन क्षितिजाकडे पाहा. आलेपाक जवळ असू द्या. उलटी थांबवणाऱ्या काही गोळ्यांनी झोप येते, आणि काचबिंदू किंवा प्रोस्टेट असलेल्यांना त्या त्रास देऊ शकतात, म्हणून विचारूनच घ्या. मधुमेहींना उलट्या झाल्या तर साखरेच्या गोळीचं काय करायचं, हे घरूनच विचारून जा. जहाजावरचे उंबरठे उंच असतात. रबरी तळाचे बूट घाला आणि जिन्यात कठडा सोडू नका. पडून खुबा मोडला तर कोरोनाची वाट बघायची गरज नाही.

कुणाला ताप, घसादुखी, खोकला जाणवला तर खोलीत थांबा आणि फोन करून डॉक्टरांना बोलवा. ऑक्सिमीटरवर आकडा ९४ च्या खाली आला तर रात्र काढू नका. परत आल्यावरही आठवडाभर नातवंडांना आणि घरातल्या नव्वदीच्या आजीला थोडं लांबूनच भेटा.

हे सगळं करूनही एक गोष्ट उरते, आणि मला आज खरं तर तीच सांगायची आहे.

नोव्हेंबरात आम्ही बँकेतले जुने सहकारी, चार जोडपी मिळून जाणार होतो. सगळ्यांचे दोन डोस झालेले, सगळ्यांचे आरटीपीसीआर निगेटिव्ह. निघायच्या आदल्या संध्याकाळी एका मित्राचा फोन आला, ‘हिचा घसा सकाळपासून दुखतोय. आम्ही येत नाही.’ ताप नव्हता. अहवाल निगेटिव्ह होता. गेटवर कुणी अडवलं नसतं. आमच्यातला एक जण म्हणालासुद्धा, ‘अरे, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या कर आणि चल.’ तो आला नाही. त्याचे बहुतेक सगळे पैसे बुडाले. आम्ही गोव्याला पोचलो तेव्हा त्याचा फोन, वहिनी पॉझिटिव्ह. पुढे तोही पॉझिटिव्ह झाला. दोघं घरीच बरे झाले. पण आमच्या त्या आठ जणांत एक मूत्रपिंड बदललेला माणूस होता. तीन दिवस आम्ही एकाच टेबलावर जेवणार होतो. त्याचं काय झालं असतं ते मला आजही मनात आणवत नाही.

म्हणजे गेटवरची बंदूक, प्रमाणपत्र, फॉर्म या सगळ्यांना जे कळलं नाही, ते फक्त त्या माउलीच्या घशाला आणि तिच्या नवऱ्याच्या सदसद्विवेकाला कळलं. क्रोसिन घेऊन ताप उतरवता येतो, फॉर्मवर ‘नाही’ अशी खूण करता येते. बँकेत मी हजारो फॉर्म पाहिलेत. खोटी सही पकडता येते, लपवलेली घसादुखी नाही.

पण नुसता उपदेश करून भागत नाही. माणूस लक्षण लपवतो, कारण वर्षभर साठवलेले पैसे बुडणार असतात आणि ‘तुमच्यामुळे ग्रुप मोडला’ हे ऐकावं लागणार असतं. म्हणून माझा प्रस्ताव असा. नऊ जोडप्यांनी प्रत्येकी दोन हजार रुपये काढावेत, एकूण अठरा हजार होतील. आजारपणामुळे ज्याला ऐनवेळी थांबावं लागेल, त्याच्या नुकसानीचा जमेल तेवढा भार त्यातून उचलायचा. कुणालाच लागले नाहीत, तर सोसायटीने गेल्या वर्षी घेतलेल्या ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरच्या देखभालीला द्यायचे. हा पैसा प्रवाशांचा, सोसायटीच्या खात्यात तो मिसळू नका, नाहीतर ऑडिटर मलाच धरेल. हिशेब मी ठेवीन.

आणि दुसरं, ते पैशाचं नाही. जो थांबेल त्याला कुणी काही बोलायचं नाही. उलट परत आल्यावर आधी त्याच्या दारात जाऊन चौकशी करायची.

एवढं ठरलं तर मे महिन्यात खुशाल जा. पहाटे डेकवर उभं राहून सूर्य उगवताना बघा, फार सुंदर दिसतो. प्रस्तावाला अनुमोदन कोण देणार, ते आत्ताच हात वर करून सांगा.