काडतूस बसते, पण झेपते का?

वेब्ली मार्क ६ हातात घेतले की आधी जाणवते ते वजन. रिकामे रिव्हॉल्व्हरही किलोभराच्या पुढे भरते. बर्मिंगहॅमच्या वेब्ली अँड स्कॉट कारखान्यातले हे हत्यार ब्रिटिश सैन्याने १९१५ मध्ये स्वीकारले. अंगठ्याने खटका दाबून नळी खाली झुकवली की ते बिजागरीवर मोडते आणि सहाही पुंगळ्या एकदम बाहेर पडतात. त्या काळी अधिकाऱ्यांच्या रिव्हॉल्व्हरसाठी सरकारी काडतूस मिळे ते .४५५ बोअरचे.

दुसऱ्या महायुद्धानंतर ही रिव्हॉल्व्हरे सैन्याला नकोशी झाली आणि स्वस्तात अमेरिकेच्या बाजारात गेली. तिथे .४५५ चे काडतूस दुर्मीळ, तर अमेरिकी सैन्याच्या पिस्तुलाचे .४५ एसीपी कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळे. मग विक्रेत्यांनी सोपी वाट काढली. सिलिंडरची मागची बाजू यंत्रावर थोडी घासायची, म्हणजे तीन-तीन काडतुसे धरणाऱ्या अर्धचंद्राकृती पट्ट्यांसह एसीपी आत बसते. अशी हजारो वेब्ली घासली गेली.

बसते, हे खरे. झेपते का, हा प्रश्न वेगळा आहे.

.४५५ ची गोळी जड आणि संथ: २६५ ग्रेन वजन, सेकंदाला सुमारे ६०० फूट वेग. काडतुसातला दाब चौरस इंचाला साधारण १३,००० पौंड. एसीपीची गोळी २३० ग्रेनची, वेग ८०० फुटांच्या वर आणि दाबाची मर्यादा २१,००० पौंड. कारखान्यात वेब्लीची ताकद तपासायला मुद्दाम जास्त दाबाचे काडतूस एकदा उडवत. बाजारातले एसीपी त्याच्या आसपास पोचते. परीक्षेचा भार रोजचा भार झाला की बिजागरी सैल पडते, खटका झिजतो, सिलिंडर हलू लागते. शंभरी ओलांडलेल्या पोलादाकडून यापेक्षा वेगळी अपेक्षा ठेवता येत नाही.

स्मिथ अँड वेसनच्या ‘व्हिक्टरी’ रिव्हॉल्व्हरची कथा याच जातीची. ब्रिटनसाठी बनवलेल्या या हत्यारांच्या सिलिंडरमधली काडतुसांची घरे युद्धानंतर .३८ स्पेशलसाठी आतून लांब कोरली गेली. नवे काडतूस लांब, पण अंगाने बारीक. घराचा मागचा भाग मूळचाच रुंद, त्यामुळे पुंगळी तिथे फुगते, कधी चिरते. नळीही गोळीपेक्षा किंचित मोठी, म्हणजे नेमही गेला.

मग प्रत्येक बदल वाईटच का? नाही. तोंडातून दारू भरायची जुनी कोल्ट रिव्हॉल्व्हरे १८७० च्या दशकाच्या सुरुवातीला खुद्द कोल्ट कारखान्यानेच काडतुसांसाठी बदलली. आरपार छिद्रांच्या सिलिंडरचे रोलिन व्हाइटचे पेटंट १८६९ मध्ये संपले आणि वाट मोकळी झाली. ती कोल्ट आज स्वतःच इतिहासाचा भाग आहेत आणि संग्राहक ती आवर्जून शोधतात. हत्यार कामात असताना त्याच्याच कारागिरांनी, त्याची ताकद ओळखून केलेला तो बदल होता. ८० वर्षांनी दुकानदाराच्या सोयीसाठी केलेल्या घासकामाला ती प्रतिष्ठा देता येत नाही.

भारतात तर हा निव्वळ आवडीचा प्रश्न नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ६ नुसार अग्निशस्त्राचा वर्ग बदलायला त्यासाठीचा वेगळा परवाना लागतो.

जी वेब्ली आधीच घासली गेली आहेत, त्यांच्यात कारखान्यातले पूर्ण दाबाचे एसीपी कधीही घालू नये. जाणत्या हातांनी भरलेली कमी दाबाची काडतुसेच त्यांना चालतात. आणि ज्यांच्या संग्रहात मूळ सिलिंडरचे वेब्ली अजून शाबूत आहे, त्यांनी ते यंत्राखाली देऊ नये, ही कळकळीची विनंती. .४५५ चे काडतूस संपलेले नाही. इटलीची फिओकी कंपनी ते या शतकातही बनवत आली आहे.