आवाजाचे बियाणे
(मंडळाच्या वर्धापनदिनी पाली येथे केलेले भाषण)



वर्धापनदिनाला माहेरवाशिणीने चार शब्द बोलावेत असे आपण ठरवलेत आणि तो मान मला दिलात, याबद्दल मी आपली ऋणी आहे. मी पुण्यात ध्वनिमुद्रणाच्या एका लहानशा स्टुडिओत काम करते, हे आपणांस ठाऊक आहेच. ‘तुझ्या त्या यंत्रांविषयी काहीतरी सांग,’ असे चिटणीसबाईंनी मला सुचवले. यंत्रांचे कौतुक करणारे भाषण सोपे झाले असते. परंतु आज मी कौतुक करायला उभी नाही, एक चूक कबूल करायला उभी आहे. ती चूक या गावाच्या बाबतीत घडली, म्हणून ती याच गावात सांगितली पाहिजे.

पुष्कळजणींना आठवत असेल, २०१९ सालच्या डिसेंबरात, भाताची झोडणी उरकल्यावर, आपल्या मंडळातील पाच वयस्क बायांना मी जात्यावरच्या ओव्यांचे ध्वनिमुद्रण करण्यासाठी पुण्याला नेले होते. मालकांनी एक दिवस स्टुडिओ विनामूल्य दिला होता. पहाटे जीप ठरवून आम्ही निघालो. जात्याशिवाय ओवी सुचत नाही असे आजींनी बजावले होते, तेव्हा गोणपाटात गुंडाळलेले जातेही आमच्याबरोबर जीपमध्ये बसले होते!

स्टुडिओत सतरंजीवर जाते मांडले, दोघीजणींनी खुंट्याला हात घातला आणि घरघर सुरू झाली. पहिली दहा मिनिटे झकास गेली. मग माझ्या कानाला लावलेल्या यंत्रात मधूनच ‘टक्’ असा आवाज येऊ लागला. मी हात वर केला, जाते थांबले, ओवी थांबली.

हे काय झाले, ते आपल्याच घरातल्या वस्तूंनी सांगते. संगणक आवाज साठवतो म्हणजे काय करतो? दर सेकंदाला तो आवाजाची ४८,००० मापे घेतो. ही मापे तो आधी एका परातीत घेतो आणि परात भरली की कणगीत ओततो. परात म्हणजे त्याची तात्पुरती स्मृती, आणि कणगी म्हणजे हार्ड डिस्क. ही परात फार लहान असते, सेकंदाच्या अगदी लहानशा भागातच ती भरते. ती रिकामी करायला किंचित उशीर झाला की पुढची मापे बाहेर सांडतात, आणि जिथे सांडतात तिथे ‘टक्’ वाजते.

उशीर का होत होता? संगणकाच्या आत वारा घालणारा एक पंखा असतो. त्याच्या पात्यांवर आणि मागच्या जाळीवर धुळीचा इतका जाड थर बसला होता, की आतली उष्णता बाहेर पडेना. फार तापले की हे यंत्र स्वतःला वाचवण्यासाठी आपणहून मंद चालते. उन्हात लावणी करणाऱ्या बाईचा हात जसा दुपारी मंदावतो, तसेच ते. आम्ही पंखा झाडला. ‘टक्’ कमी झाले, पण थांबले नाही. मग एक वायर सैल निघाली. ती बदलली. दुपारी संगणक एकदा आपोआपच बंद पडून पुन्हा सुरू झाला. दिवसभरात सहा वेळा जाते थांबवावे लागले.

भगिनींनो, ओवी अशी थांबवता येत नाही. ती दोन हातांच्या लयीवर चालते, आणि एकीच्या शेपटाला दुसरी बांधलेली असते. सहाव्यांदा थांबल्यावर एक आजी मला म्हणाल्या, ‘‘बाई गं, आमच्या जात्याचा खुंटा निखळला तर आम्ही ठोकून बसवतो, पिठाला काही होत नाही. तुझ्या यंत्राचा खुंटा निखळला की पीठच नाहीसे होते. हे कसले जाते?’’ आम्ही सगळ्या हसलो. त्या बोलण्यात केवढे शहाणपण होते, ते मला दुसऱ्या दिवशी कळले.

संध्याकाळपर्यंत अडीच तासांच्या ओव्या साठल्या. जीपवाला अंधाराच्या आत निघण्याची घाई करत होता. ध्वनिमुद्रणाची दुसरी प्रत काढायला वीस मिनिटे लागली असती. मी म्हटले, उद्या काढू. हीच माझी चूक.

सकाळी संगणक सुरू केला, तर हार्ड डिस्कमधून नुसती टकटक ऐकू आली. जुन्या पद्धतीच्या डिस्कमध्ये आरशासारख्या गुळगुळीत चकत्या असतात आणि त्यांपैकी पुष्कळशा मिनिटाला ७,२०० फेरे घेतात. लिहिणारे टोक चकतीला न टेकता तिच्यावरून तरंगत जाते, आणि त्या दोहोंतले अंतर आपल्या केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्श्याहूनही कमी असते. ते टोक चकतीवर घासले की लिहिलेले खरवडून निघते. आदल्या दिवशी आपोआप बंद पडून यंत्राने इशारा दिला होता, पण आम्ही तो ऐकला नाही. बिघडलेल्या डिस्कमधून मजकूर काढून देणाऱ्या जाणकारांकडे ती पाठवली. चकतीवर ओरखडे आहेत, काही निघणार नाही, असा निरोप आला.

‘‘पुन्हा म्हणू की, त्यात काय,’’ असे आजी म्हणाल्या. परंतु पुढच्याच मार्चमध्ये कोरोनाची टाळेबंदी लागली, जाणे-येणे बंद झाले, आणि २०२१ साली आजी गेल्या. भावाची वाट पाहण्याच्या ज्या ओव्या त्या म्हणत, त्या त्यांच्या लेकीलाही पुऱ्या येत नाहीत. त्या दिवशी त्यांच्या नातीने सहज म्हणून मोबाइलवर चाळीस सेकंदांचे चित्रण केले होते. त्यात जात्याची घरघर आहे, दीड ओवी आहे आणि आजींचे हसणे आहे. लाखो रुपयांच्या स्टुडिओत केलेले गेले आणि पोरीच्या हातातले राहिले.

यावर कोणी म्हणेल, म्हणजे यंत्रेच नकोत. मी तसे म्हणत नाही. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी मुळशीपासून सुरुवात करून महाराष्ट्रातील हजाराहून अधिक गावांतल्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, हे आपण ऐकले असेल. पॉइटवाँ २००४ साली गेले, राईरकर २०१० साली. पण २०१७ पासून त्या ओव्या ‘परी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहातून जगाला वाचायला आणि ऐकायला मिळू लागल्या. त्या टिकल्या कशामुळे? त्या केवळ एका यंत्रावर नव्हत्या म्हणून. कार्यकर्त्यांनी गावोगाव बसून ओव्या कागदावर उतरवल्या, म्हणणारीचे नाव आणि गाव टिपले. बर्नार्ड बेल यांनी त्यांतल्या कित्येक ‘डॅट’ नावाच्या बारीक फितीवर मुद्रित केल्या. ही फीत १९८७ मध्ये निघाली आणि तिची यंत्रे बनवणे सोनी कंपनीने २००५ मध्ये थांबवले. म्हणजे फीत शाबूत राहिली तरी ती वाजवणारे यंत्र मिळणे कठीण होते. वेळेवर नवी प्रत काढली, तरच जुना आवाज पुढे चालतो.

दुसरी गोष्ट परदेशातली आहे, पण ती आपल्यासारख्याच एका बाईची आहे. १९९८ साली अमेरिकेत ‘टॉय स्टोरी २’ नावाचा चित्रपट संगणकावर तयार होत होता. कोणाच्या तरी एका चुकीच्या आज्ञेने त्याचा बहुतेक भाग पुसला गेला. राखीव प्रत आणावी म्हणून पाहतात, तो ती साठवण्याची व्यवस्थाच बिघडलेली! गॅलिन सुसमन या तिथल्या अधिकारी बाईंना नुकतेच मूल झाले होते, म्हणून त्या घरून काम करत असत. त्यांच्या घरच्या संगणकावर चित्रपटाची प्रत होती. तो संगणक गोधड्यांत गुंडाळून मोटारीतून जपून आणला, आणि कित्येक माणसांचे श्रम वाचले. एवढ्या मोठ्या कंपनीची व्यवस्था फसली, आणि बाळंतिणीच्या घरातली प्रत कामाला आली.

मला यातून एवढेच उमगले, की यंत्र बिघडणे हा अपघात नाही. ते त्याचे रोजचे वागणे आहे. पंख्यात धूळ बसणारच, वायर सैल होणारच, वीज जाणारच, डिस्क एक ना एक दिवस थांबणारच. नव्या पद्धतीच्या डिस्कमध्ये फिरणारी चकती नसते, पण तीही मरते, आणि पुष्कळदा टकटक न करता मुकाट्याने मरते. तेव्हा बिघडले कसे असे विचारत बसू नये. बिघडेल तेव्हा काय उरेल, ते आधी पाहावे.

आणि हे आपल्याला कोणी शिकवायला नको. पुढच्या सालचे बियाणे आपण एकाच कणगीत कधी ठेवले का? थोडे आपल्या घरी, थोडे जावेकडे, थोडे माहेरी, अशीच आपली रीत. एका घरात पाणी शिरले तरी गावाची लावणी अडत नाही. आवाजाचेही बियाणेच आहे.

म्हणून या वर्षी मंडळाने ओव्या पुन्हा मुद्रित कराव्यात, अशी माझी विनंती आहे. त्यासाठी पुण्याला जाण्याचे कारण नाही. ज्या घरात जाते आहे तिथेच, दार लावून, पंखा आणि दूरदर्शन बंद करून, चांगला मोबाइल दोन हातांवर एखाद्या घडी केलेल्या लुगड्यावर ठेवला तरी पुरे. मात्र चार नियम पाळू. पहिला, ज्या दिवशी मुद्रण त्याच दिवशी प्रती, त्याशिवाय जाते उचलायचे नाही. दुसरा, प्रती तीन, त्या दोन निरनिराळ्या साधनांवर, आणि त्यांतली एक गावाबाहेर, ती मी पुण्यात सांभाळीन. चांगल्या दर्जाचे एक तासाचे मुद्रण सुमारे एक जीबी जागा घेते. चौसष्ट जीबीच्या लहानशा पेन ड्राइव्हमध्ये जवळजवळ साठ तास मावतील. तिसरा, मुद्रण व्हॉट्सअॅपवर पाठवायचे तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे, नाहीतर त्याचा दर्जा उतरतो. चौथा नियम सर्वांत जुना आहे. एक वही घालावी, तीत ओवी उतरवावी आणि म्हणणारीचे नाव, माहेर, सासर आणि तारीख लिहावी. वहीला वीज लागत नाही. वर्षातून एकदा, याच वर्धापनदिनी, सगळ्या प्रती उघडून ऐकाव्यात. न उघडलेल्या कणगीतले बियाणे किडले की शाबूत, ते कोणाला सांगता येईल?

त्या पाचजणींपैकी चौघी आज या सभेत बसल्या आहेत. आजींच्या ओव्यांतल्या काही त्यांना आठवतात, असे त्यांनी मला काल सांगितले. पालीच्या बायांनी राजगडाच्या पायथ्याशी कित्येक पिढ्या जे दळण दळले, त्यातले पसाभर तरी आपल्या नातींच्या ओंजळीत पडावे. त्या चौघींना माझी हात जोडून विनंती आहे: उद्या पहाटे जाते मांडा, मी येते. या खेपेला प्रती काढल्याशिवाय मी उठणार नाही.