लहानपणीचा घाव भरतो काय?



झरीच्या वर्गात परवा एक प्रश्न निघाला. लहानपणी मनाला बसलेला धक्का मोठेपणी तरी जातो काय? त्यावर आम्ही आज चार शब्द सांगणार आहोत.

"लेकरू लहान आहे, विसरून जाईल," असे आपण म्हणतो. पण लेकरू बोलले नाही तरी त्याचा मेंदू ध्यानात ठेवतो.

मेंदूत भय ओळखणारा एक लहानसा भाग आहे. तो ज्वारीच्या शेतात माळ्यावर बसलेल्या राखणदारासारखा आहे. एकदा रानडुकरे घुसली, की पुढे पान हलले तरी राखणदार ओरडतो. कुणी लेकरू रोजचा मार खाते. कुणाच्या बापाने कर्जापायी जीव दिलेला असतो. अशा लेकराचे तसेच होते. ते झोपेत दचकते. त्याचे अभ्यासात ध्यान लागत नाही. मोठेपणीही त्याला भय वाटते, एकदम राग येतो.

३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी गणपती बोळवून लोक निजले होते. जवळजवळ दहा हजार माणसे गेली. तेव्हा भारतीय जैन संघटनेने सुमारे १२०० मुले पुण्यास नेऊन शिकविली. अशा मुलांना छप्पर लागते, तशी शाळा लागते आणि मायेची माणसेही लागतात.

मायेने मेंदू खरेच सुधारतो काय? रुमानिया देशात २००० साली अनाथालयांतल्या १३६ मुलांची पाहणी सुरू झाली. चिठ्ठ्या टाकून निम्मी मुले कुटुंबांत सांभाळावयास दिली. जी दोन वर्षांची होण्याआधी घरात गेली, त्यांच्या मेंदूचे काम आठव्या वर्षी इतर मुलांसारखे दिसले. उशिरा गेलेल्यांनाही काही बाबतींत गुण आला.

म्हणजे घाव पुष्कळ भरतो. वण राहील, पण ठणका कमी होतो. लवकर हात दिला तर उत्तम. मोठेपणीही मेंदू नवे शिकतो, म्हणून मोठ्यांनीही आशा सोडू नये.

मग करावे काय? लेकराला मारू नका, हसू नका. जेवणाची, झोपेची वेळ नेमाची ठेवा. घरातल्या एकाने तरी त्याचे रोज निवांत ऐकावे. अंगारे-धुपारे करीत बसू नका, दवाखान्यात न्या. १४४१६ हा सरकारचा फुकट फोन आहे. त्यावर मराठीतून बोलता येते.

राखणदाराला रोज पटले पाहिजे, की आता शेतात डुकरे नाहीत. ते पटविणे आपल्या हाती आहे.