टर्बोचा ट्रॅक्टर ओढेना, इंजिन ठोकते: आधी काय तपासावे?



दसरा-दिवाळी आटोपली की आपल्या बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. पाटोदा, शिरूर, आष्टी, धारूर भागातले ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या जोडून पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. ट्रॅक्टरवर कर्ज असते, उचल घेतलेली असते. अशात चढावर ट्रॅक्टर दम टाकू लागला, रेस दिली तरी वेग घेईना आणि इंजिन ठोकू लागले, तर मालकाच्या जिवाला घोर लागतो.

अशा वेळी पुष्कळ जण म्हणतात, "पंप थोडा वाढवून द्या, म्हणजे ओढील." बंधूंनो, हे करू नका. टर्बोमध्ये इंजिनाच्या गरम धुरावर एक चाक फिरते. त्याच दांड्यावरचे दुसरे चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. हवा जास्त, म्हणून डिझेल जास्त जळते आणि ताकद वाढते. हवाच कमी पडत असेल, तर वाढवलेले डिझेल अर्धवट जळून काळा धूर होते. इंजिन तापते, पिस्टन आणि टर्बो दोन्ही धोक्यात येतात.

म्हणून आधी धूर पाहा. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. रिंगा किंवा टर्बोचे सील तपासा. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर येत असेल, तर नोझल आणि टायमिंग पाहावे; रेडिएटरचे पाणी घटत असेल तर हेड गॅस्केटही. धूर नाही आणि ओढही नाही, तर बहुधा डिझेल कमी पोचते: फिल्टर तुंबला असेल किंवा लाइन हवा घेत असेल.

आता खर्च नसलेली कामे. आपल्याकडची धूळ एअर क्लीनर लवकर तुंबवते. बाहेरची जाळी हलक्या हाताने झटका किंवा आतून बाहेर कमी दाबाची हवा मारा. आतली लहान जाळी साफ करू नका, ती बदलायची असते. नंतर टर्बोपासून इंजिनापर्यंतचे रबरी पाईप पाहा. क्लिप ढिली, पाईपला चीर, लोड घेताना शिट्टीसारखा आवाज, ही हवा गळण्याची लक्षणे. शेवटी डिझेल फिल्टरखालचे पाणी काढा. ड्रममधले डिझेल स्थिर होऊ द्या, तळाचे टाकीत ओतू नका.

ठोक्याचे दोन प्रकार ओळखा. रेस देताना वरच्या बाजूने कडक टकटक येत असेल, तर नोझल खराब किंवा टायमिंग पुढे गेलेले असते. जुन्या पंपाच्या इंजिनात मिस्त्री एकेका नोझलचा नट सैल करून पाहतो. ज्या सिलिंडरवर टकटक थांबते, दोष बहुधा तिथला. मात्र १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरांना प्रदूषणाचे कडक नियम लागू झाले, आणि त्यातल्या बऱ्याच इंजिनांत कॉमन रेल आली. तिथे नट मुळीच सैल करू नका. त्या दाबाचे डिझेल कातडीतून आत घुसते. ते काम कंपनीच्या कारागिराचे.

दुसरा ठोका खालून, जड, घणासारखा येतो. सोबत ऑइलचा दिवा लागला किंवा काटा खाली आला, तर त्याच जागी इंजिन बंद करा. पुढच्या गावापर्यंत नेऊ म्हणाल, तर बेअरिंगबरोबर क्रँकही जाईल.

एक सवय लावून घ्या. सुरू केल्यावर आणि लोड ओढून आल्यावर बंद करण्याआधी, दोन-तीन मिनिटे इंजिन हळू चालू ठेवा. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या आसपास फेरे घेतो आणि ऑइलच्या पातळ थरावर तरतो. लोडवरून एकदम चावी फिरवली, तर ऑइल थांबते, दांडा तापतो आणि बेअरिंग जळते.

थोडक्यात, आधी हवा, मग डिझेल, मग नोझल, आणि पंप सर्वांत शेवटी. टोळी निघण्याच्या आठ दिवस आधी एवढे पाहून घ्या, म्हणजे हंगाम रस्त्यात अडणार नाही.