रेघ ओढणारे लाकूड



या व्यासपीठावरून राज्यघटना, संतवाङ्मय, अर्थकारण अशा थोर विषयांवर बोलले जाते. त्या पंगतीत सुताराच्या पेटीतले एक वीतभर हत्यार आणून बसवायचे, हे काहींना धाडसाचे वाटेल. पण या सभागृहाची दारे, आपण बसला आहात त्या खुर्च्या, हे समोरचे मेज, हे सारे कोणी तरी आधी आखले आणि मग कापले. कापण्याची वाखाणणी होते. आखणी मात्र रंध्याखाली आणि रोगणाखाली नाहीशी होते. आज आम्ही त्या नाहीशा होणाऱ्या रेघेविषयी आणि ती ओढणाऱ्या हत्याराविषयी बोलणार आहो.

हत्यार अगदी साधे. आठ-नऊ इंचांची एक चौरस दांडी, तिच्यावर मागेपुढे सरकणारा एक ठोकळा, दांडीच्या टोकापाशी पोलादाची बारीक अणी, आणि ठोकळा हवा तेथे घट्ट धरण्यासाठी पाचर किंवा मळसूत्र. इंग्रज त्याला मार्किंग गेज म्हणतात, आपले सुतार नुसते गेज म्हणतात. हिंदी मुलखातले नाव मात्र आम्हाला अधिक आवडते. तिकडे त्याला खतकश म्हणतात. फारसीत खत म्हणजे रेघ आणि कश म्हणजे ओढणारा. ठोकळा फळीच्या कडेला दाबून धरायचा आणि हत्यार पुढे सरकवायचे, की अणी त्या कडेला समांतर अशी रेघ कोरीत जाते. एका दमात खोल कोरायची नाही. हलक्या हाताने दोन-तीनदा जायचे.

आता कोणी म्हणेल, पट्टी आणि पेन्सिल आहेच की! आहे, पण पेन्सिलीच्या रेघेला जाडी असते. करवत तिच्या अलीकडून न्यायची की पलीकडून, हा प्रश्न दर वेळी उभा राहतो, आणि कुसू व त्याचे भोक यांचा सांधा तेवढ्यानेच ढिला होतो. गेजची रेघ ही रेघ नव्हे, ती चर आहे. पटाशीची धार तिच्यात टेकवली की आपोआप बसते. तेथे डोळ्यापेक्षा बोट अधिक खरे बोलते.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. हे मोजण्याचे हत्यार नव्हे, माप उचलण्याचे हत्यार आहे. दाराला बिजागरी बसवायची आहे. पट्टीने मोजणारा म्हणेल, तीन मिलिमीटर आणि वर थोडेसे. ते ‘थोडेसे’ पुढे पावसाळ्यात दार अडू लागले म्हणजे कळते! गेजवाला बिजागरीचे पान ठोकळा आणि अणी यांच्यामध्ये धरतो, पाचर ठोकतो आणि तेच अंतर चौकटीवर उतरवतो. मध्ये आकडा आलाच नाही, मग आकड्याची चूक येणार कोठून? एकदा लावलेले गेज सोळा पाय आखून होईपर्यंत हलवायचे नाही, हा सुतारीतला जुना दंडक आहे. सोळाही पाय एकसारखे होतात. ते किती मिलिमीटरांचे झाले हे कोणी विचारलेच, तर नंतर मोजून सांगता येते.

या सगळ्याला एक अट आहे. फळीची एक बाजू आणि एक कड आधी रंध्याने सरळ करून त्यांवर खूण करायची, आणि ठोकळा प्रत्येक वेळी त्या खुणेच्या बाजूलाच टेकवायचा. समोरची बाजू वाकडी असली तरी चालते. आज या कडेवरून आणि उद्या त्या कडेवरून रेघ ओढणाऱ्याच्या हातात कितीही उंची गेज द्या, त्याची चौकट पिळलेलीच निघणार.

हे हत्यार जुने आहे. लंडनच्या जोसेफ मॉक्सन या गृहस्थांनी 1677 पासून कारागिरांच्या विद्येवर पुस्तिका काढायला आरंभ केला आणि 1678 मध्ये जोडकामाची हत्यारे वर्णिली. त्यांत हे गेज आहे. लंबगोल लाकडाचा तुकडा, त्यातून घट्टपणे सरकणारी चौरस काठी आणि टोकाला दात, बस्स. मॉक्सन काही सामान्य असामी नव्हते. ते नकाशे छापीत, पृथ्वीचे गोल करीत, आणि 1678 मध्येच रॉयल सोसायटीचे सभासद झाले. अशा विद्वानाला सुताराच्या काठीत लक्ष घालण्यासारखे काही दिसले, याचे आम्हाला कौतुक वाटते. आपल्याकडे पोथी लिहिणारा आणि वाकस चालवणारा यांच्यात एवढे बोलणे क्वचितच झाले.

पुढे एकोणिसाव्या शतकात इंग्लंडातील शेफील्ड शहर हत्यारांचे आगर झाले. विल्यम मार्पल्स यांच्यासारख्या कारखानदारांनी दोन अण्यांची, कुसू-भोक एकदम आखणारी गेजे बाजारात आणली. ती आबनुसाची आणि रोजवुडाची असत, त्यांवर पितळी पट्ट्या जडवलेल्या असत. रोजवुड या व्यापारी नावाखाली ब्राझीलचे लाकूड जाई, तसे आपल्या सह्याद्री-मलबारचे शिसवही जाई. त्याच शतकात मुंबईचे कोरीव काळे शिसवी फर्निचर साहेबांच्या दिवाणखान्यांत मिरवत होते, हे आपणांस ठाऊक असेल.

मग साधी गेजे बीचसारख्या स्वस्त लाकडाची आणि चांगली गेजे अशा भारी लाकडाची का? हौस आहेच, ती नाकारून कशाला? पण हौशीमागे कारण आहे. ठोकळ्याचे तोंड जन्मभर लाकडावर घासत जाते. मऊ लाकडाचे असेल तर त्याला अणीच्या बाजूने खळगा पडतो, ठोकळा डुलू लागतो आणि रेघ नागमोडी येते. पितळी पट्ट्या त्यासाठीच. शिसव घट्ट आणि जड. हातात वजन असले की दाब सारखा राहतो. शिवाय लाकूड ओलाव्याने फुगते ते आडवे, लांबीत जवळजवळ नाही. ओले लाकूड पूर्ण वाळले तर आडवे काही टक्के आक्रसते, लांबीत मात्र हजारात एक-दोन भाग. म्हणून दांडी लांबीला दगा देत नाही, पण पावसाळ्यात जाड होऊन ठोकळ्यात रुतते आणि वैशाखात सैल पडते. सरळ रेषांचे, नीट मुरलेले, कमी हलणारे लाकूड निवडण्याचे मर्म एवढेच. सुंदर गाठी आणि नागमोडी रेषा असलेला तुकडा ठोकळ्याला चालेल. दांडीला मुळीच नाही.

गेज हाताने करायचे झाले तर कस लागतो तो ठोकळ्यातल्या चौकोनी भोकात. ठोकळ्याला आकार देण्याआधीच, तो ओबडधोबड चौकोनी असतानाच भोक पाडायचे, कारण तेव्हा तो नीट धरता येतो. दोन्ही बाजूंनी आखून दोन्ही बाजूंनी पटाशी चालवायची आणि मध्यावर भेटायचे. एकाच बाजूने पार गेलात तर पलीकडचे लाकूड फुटते. भोक तोंडाशी काटकोनात हवे. मग दांडी एकेक पापुद्रा काढीत रंधायची, ती हाताने ढकलली असता सरकावी आणि सोडली असता घसरू नये इतकी. येथे घाई करणाऱ्याची दांडी एकाच फटक्यात सैल होते, आणि गेलेला पापुद्रा काही परत चिकटत नाही. पाचरीचा उतार आणि तिच्या खाचेचा उतार तंतोतंत एक हवा, नाही तर पाचर एका बिंदूवर धरते आणि काम चालू असताना सुटते. अणी कडक पोलादाची. गोल टोकाची नव्हे, तर कानशीने सुरीसारखी चपटी केलेली आणि किंचित तिरपी बसवलेली, म्हणजे ती सरकताना ठोकळ्याला फळीकडे ओढते. बाहेर ठेवायची ती दीड-दोन मिलिमीटर, अधिक नाही. लाकडाच्या रेषांवर आडवी रेघ ओढायची तर अणीऐवजी पाते लागते. अणी तेथे ओरबाडते.

आता एक कोडे. गेज करायला गेज लागते. मग ज्याच्याजवळ नाही त्याने काय करावे? सुतार बोटाचेच गेज करतो. पेन्सिल चिमटीत धरून मधले बोट कडेला टेकवतो आणि सरसर जातो. त्या रेघेवरून पहिले कच्चे गेज, त्या कच्च्यावरून पक्के. गुरूचे गेज मागून घेऊन स्वतःचे करणाराही असतोच. जपानी सुतारांचे केबिकी ओक लाकडाचे आणि पात्याचे. त्यांची परंपराही स्वतःचे हत्यार स्वतः घडवणाऱ्यांची.

ही साखळी आज बारीक झाली आहे. प्लायवूड कापलेले येते, दारे कारखान्यातून येतात, खाचा यंत्र पाडते. त्यात वाईट काही नाही. स्वस्त दार गरिबाच्या घरालाही लागते, आणि यंत्राला नावे ठेवणे हा पोट भरलेल्यांचा छंद आहे. पण दुसऱ्या टोकाला परदेशांत हाताने केलेली गेजे दुर्मिळ लाकडांत, पितळेत घडवून विकली जातात. एकेकाची किंमत आपल्याकडील सुताराच्या कित्येक दिवसांच्या मजुरीइतकी. त्यांतली काही उत्तम काम देतात, काही काचेच्या कपाटात बसतात. ज्या गेजच्या तोंडावर एकही चरा नाही, त्याला आम्ही दागिना म्हणू, हत्यार म्हणणार नाही. शिसवाच्या साऱ्या कुळाचा आंतरराष्ट्रीय व्यापार 2017 पासून निर्बंधांखाली आहे. ते झाड सावकाश वाढते. वीतभर तुकड्यासाठी ते तोडावे लागत नाही, जुन्या पलंगाचा मोडका पाय पुरतो. पण कपाटात ठेवायच्या हौसेसाठी तेवढाही देताना आमचा हात आखडेल.

आमची काळजी निराळी आहे. जो हत्यार वापरतो तोच ते करू शकतो, तोवर त्याला त्यातली खोट कळते आणि काढता येते. वापरणारा एकीकडे आणि करणारा दुसरीकडे झाला, की डुलणारे गेज डुलतच राहते. बाजारातली स्वस्त गेजे हाती घेऊन पाहा. अणी खिळ्यासारखी बोथट, ठोकळ्याचे भोक ऐसपैस, मळसूत्र पिळावे तसा ठोकळा कलतो. शिकाऊ पोरगा अशा गेजने चार रेघा ओढतो, त्या वाकड्या येतात, आणि आपल्या हातातच काही नाही असा ग्रह करून तो पेन्सिलीकडे वळतो. गावातल्या तांत्रिक शाळांनी पहिल्या सहामाहीत प्रत्येक मुलाकडून बाभळीचे का होईना, एक गेज करवून घ्यावे आणि वर्षभर त्याच गेजने काम करायला लावावे, एवढी आमची मागणी आहे. फुटभर लाकूड आणि एक मोडकी कानस एवढाच त्याचा खर्च.

आपल्यापैकी कोणाच्या घरी आजोबांच्या वेळचे लिहिण्याचे मेज असेल, तर त्याचा खण आज रात्री पुरता बाहेर ओढून दिव्याखाली धरा. कोपऱ्यात जेथे दोन फळ्या एकमेकींत गुंतल्या आहेत, तेथे दातांच्या मुळाशी बहुधा केसाएवढी बारीक आडवी रेघ दिसेल, या टोकापासून त्या टोकापर्यंत. नखाने चाचपून पाहा. नख तिच्यात अडकते.