जुनी नोट : वय विचारू नका, खुणा वाचा

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



पंचवीस वर्षांत या सभागृहात पाणी, पार्किंग आणि मेंटेनन्स या विषयांवर भरपूर भाषणं झाली आहेत. त्यामुळे सेक्रेटरी मला म्हणाले, "काका, तुम्ही जन्मभर नोटा मोजल्यात, तुम्ही नोटांवर बोला." मला विषय आवडला, कारण त्याची आज गरज आहे.

गेल्या काही महिन्यांत आपल्याच बिल्डिंगमधून चार-पाच जणांनी मला एकच जाहिरात पाठवली : '७८६ नंबरची नोट द्या, लाखो रुपये मिळवा.' मुरबाडकडच्या माझ्या एका जुन्या खातेदाराला अशाच एका फोनवाल्याने ट्रॅक्टरच्या चित्राच्या पाच रुपयांच्या नोटेचे दोन लाख कबूल केले. आधी नोंदणी फी मागितली, मग टॅक्स, मग 'रिझर्व्ह बँकेचं कमिशन'. साडेनऊ हजार गेले आणि नोट अजून त्यांच्याच ट्रंकेत आहे. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे की जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात बँक पडत नाही, त्यासाठी फी किंवा कमिशन घेत नाही आणि तसा अधिकार कुणालाही दिलेला नाही. तेव्हा रिझर्व्ह बँकेच्या नावाने जो पैसे मागेल, त्याचा फोन तिथेच ठेवून द्या.

मग घरातली जुनी नोट खरंच दुर्मिळ आहे का, हे ओळखायचं कसं? आम्ही बँकेत चेक तपासायचो तसंच. भावनेत न जाता एकेक खूण बघायची.

पहिली खूण सही. साधारण २००५ च्या आधीच्या रिझर्व्ह बँकेच्या नोटांवर छपाईचं वर्ष नसायचं. त्यामुळे गव्हर्नरची सही हाच नोटेचा जन्मदाखला. एक रुपयाची नोट वेगळी, ती भारत सरकारची. तिच्यावर वित्त सचिवांची सही असते आणि वर्षही असतं.

आता आपल्या मराठी माणसांचीच उदाहरणं घेऊ. चिंतामणराव देशमुख रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. जन्म महाडजवळच्या नाते गावचा. १९४३ ते १९४९ त्यांचा काळ. सहाव्या जॉर्ज राजाच्या नोटेवर त्यांची सही दिसली की छाती फुगते. पण तो युद्धाचा काळ होता, चलन प्रचंड वाढलं होतं. त्यामुळे त्यांच्या सहीच्या छोट्या नोटा संग्राहकांकडे बऱ्यापैकी सापडतात. ऐंशी वर्षं जुनी नोट, तरी दुर्मिळ असेलच असं नाही.

उलट बी. एन. आडारकर बघा. मे-जून १९७० मध्ये ते जेमतेम ४२ दिवस गव्हर्नर होते. गांधी जन्मशताब्दीच्या नोटा काहींना आठवत असतील, सेवाग्राम आश्रमासमोर बसलेले गांधीजी. त्या नोटांवर एल. के. झा यांची सही आहे, तशी काहींवर आडारकरांचीही आहे. चित्र तेच, किंमत तीच, पण आडारकरांच्या सहीची नोट मिळणं अवघड. तिसरे के. जी. आंबेगावकर. १९५७ मध्ये ते दीड महिना गव्हर्नर होते, पण गव्हर्नर म्हणून त्यांची सही एकाही नोटेवर नाही. त्यांची सही मिळते ती आधीच्या एक रुपयाच्या नोटेवर, कारण त्या वेळी ते वित्त सचिव होते. उद्या कुणी 'आंबेगावकरांच्या सहीची शंभराची नोट' विकायला आला, तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

दुसरी खूण अक्षरं. नंबराआधीची अक्षरं म्हणजे प्रीफिक्स आणि नंबरच्या पट्टीत फिकट छापलेलं एखादं अक्षर म्हणजे इनसेट लेटर. एकाच सहीच्या नोटेत या अक्षरावरून फरक पडतो. नंबरात तारा असेल तर घाबरू नका. छपाईत खराब निघालेल्या नोटेच्या जागी तशी नोट घालतात. ही पद्धत २००६ पासून आहे आणि ती नोट पूर्ण वैध आहे. जुलै २०२३ मध्ये अफवा उठली, तेव्हा रिझर्व्ह बँकेला हे पुन्हा सांगावं लागलं. ७८६ चं म्हणाल तर तो हौसेचा नंबर. हौसेला मोल असतं, पण दर दहा लाखांच्या मालिकेत शेवटी ७८६ असलेल्या एक हजार नोटा निघतात. गणित तुम्हीच करा.

तिसरी खूण, आणि सगळ्यात महत्त्वाची, म्हणजे नोटेची प्रकृती. आपल्याकडे तीच नाजूक. आपला पाऊस कसला ते सांगायला नको. पैसे ठेवायचे कणगीत, आढ्याला नाहीतर चुलीमागच्या फळीवर. ओल, धूर, उंदीर आणि वाळवी यांच्या तावडीतून नोट सुटणार कशी? म्हशाच्या यात्रेत बैल विकलेले पैसे दुसऱ्या दिवशी काउंटरवर यायचे, तेव्हा नोटांना गोठ्याचा वास असायचा. शिवाय आम्ही बँकवाले! बंडलाला दणकून स्टेपल मारायचो. २००१ मध्ये रिझर्व्ह बँकेने ते बंद करायला लावलं. तोवरच्या बहुतेक नोटांना भोकं आहेतच. म्हणून त्या काळातली बिनभोकाची, बिनघडीची, कोरी नोट संग्राहक शोधत असतो. नोट धुऊ नका, इस्त्री करू नका, चिकटपट्टी लावू नका. डाग नोटेची किंमत कमी करतो, पण साफसफाई ती मारून टाकते.

या तीन खुणा बघितल्या की पुस्तक उघडायचं. रझवान रझाक आणि किशोर झुनझुनवाला यांचा भारतीय कागदी चलनावरचा संदर्भग्रंथ संग्राहक प्रमाण मानतात. किंमत बघायची ती लिलावात प्रत्यक्ष मिळालेली. विकणाऱ्याने सांगितलेला आकडा म्हणजे फक्त त्याची इच्छा. मुलांना मुंबईत फोर्टला रिझर्व्ह बँकेच्या नाणे संग्रहालयात घेऊन जा. आसनगावहून लोकलने जाऊन संध्याकाळी परत येता येतं.

एक कायद्याची गोष्ट, कारण काही घरांत अजून पाकिटं निघतात. २०१६ मध्ये रद्द झालेल्या पाचशे-हजारच्या नोटा 'आठवण' म्हणून किती ठेवायच्या? २०१७ च्या कायद्याप्रमाणे एकूण दहापेक्षा जास्त नाही. अभ्यास, संशोधन किंवा संग्रहासाठी पंचवीसपर्यंत. त्याहून जास्त सापडल्या तर दहा हजार रुपये किंवा दर्शनी किमतीच्या पाचपट, यांतली मोठी रक्कम दंड.

शेवटी एवढंच सांगतो. येत्या रविवारी घरातल्या आजी-आजोबांना जुनी पेटी उघडायला सांगा. नातवंडांनी भिंग घेऊन सही आणि अक्षरं वाचायची, आजोबांनी ती नोट कुठून आली ते सांगायचं. बहुतेक नोटा साध्याच निघतील, आणि त्यात वाईट काही नाही. भाताच्या पहिल्या पट्टीची नोट, लग्नातल्या आहेराची नोट, तिच्यामागे चार ओळी वेगळ्या कागदावर लिहून तो कागद सोबत ठेवा. आणि एखादी नोट खरोखर वेगळी वाटली, तर फोनवाल्याच्या आधी माझी बेल वाजवा. फी नाही. चहा मात्र तुमच्याकडे!